मुळाला हात लावला न्हाय

बोलता बोलता तो दोन्ही हात कीबोर्डवरून उचलायचा आणि तळवे समोरच्याला दाखवायचा, झडती देणाऱ्या माणसासारखा. "बघा सर, मुळाला हात लावला न्हाय." झडती कुणी मागितलेली नसायची.

तुमच्याही गावात असा एखादा असेल. आमच्या कळंबमध्ये त्याला सगळे पेंटर म्हणत. अर्धं आयुष्य त्यानं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मग फ्लेक्स आले आणि ब्रश वाळून गेले. पन्नाशीत तो धाराशिवला जाऊन-येऊन वेबसाइट करायला शिकला. एसटी स्टँडमागे बियाण्यांच्या दुकानावर त्याची भाड्याची खोली होती.

आमच्या वाचनालयाची वेबसाइट हे त्याचं पहिलं काम. मी तिथला सचिव. अध्यक्ष धान्याचे व्यापारी. पुस्तकांपेक्षा पुस्तकांशेजारी काढलेल्या स्वतःच्या फोटोंत त्यांना अधिक रस. वेबसाइटचा तयार साचा मिळतो, त्याला थीम म्हणतात. आमच्या थीमच्या माथ्यावर एक परदेशी बाई हसत कॉफी पीत होती. पेंटरनं थीमच्याच फायली उघडल्या, रंग आणि अक्षरं बदलली, बाईचं चित्र काढून त्याच नावानं अध्यक्षांचं ठेवलं. जुन्या पाटीवर नवी रंगवतात तसं.

उद्घाटनाच्या सकाळी सगळं ताजं असावं म्हणून त्यानं थीम अपडेट केली. अपडेट म्हणजे थीम बनवणाऱ्या कंपनीकडून फायलींचा नवा संच येतो आणि जुन्याच्या जागी बसतो, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. त्या सकाळी सुचलं नाही. दुपारी पाहुण्यांनी बटण दाबलं. पडद्यावर कॉफीवाली बाई. फोटोखालची ओळ मात्र दुसरीकडे साठवलेली असते, ती हलली नव्हती. बाईच्या खाली ठळक अक्षरांत: संस्थापक अध्यक्ष. टाळ्या वाजल्या. आमच्याकडे त्या वाजतातच.

पुढे महिनाभर मोंढ्याच्या बाजारात अध्यक्षांना लोक विचारत, "काय शेठ, कॉफी घेणार का?"

पेंटर आठ दिवस खोलीबाहेर आला नाही. आला तो लेकरू घेऊन. त्याचं म्हणणं असं, की मूळ थीम ही आई. तिच्या शेजारी आपला वेगळा फोल्डर करायचा, ते लेकरू. बदलायचं असेल तेवढंच लेकरात लिहायचं. वेबसाइट आधी लेकराकडं बघते, तिथं नसेल ते आईकडून घेते. कंपनीनं आईला कितीही नवं करावं, लेकराला धक्का लागत नाही. लेकराच्या फाईलमध्ये वरच करणाऱ्याचं नाव लिहायची जागा असते. तिथं त्यानं 'पेंटर, कळंब' लिहिलं होतं. पाटीच्या कोपऱ्यातही तो हेच लिहायचा.

"आता सगळ्यांसमोर अपडेट दाबून दाखवतो," तो म्हणाला.

अध्यक्षांनी ठराव करायला लावला. 'संकेतस्थळाच्या विद्यमान स्वरूपास बाधा पोचेल अशी कोणतीही कृती अध्यक्षांच्या लेखी अनुमतीवाचून करण्यात येऊ नये.' लिहिला मी. भाषा बरी साधली आहे, असं मला तेव्हा वाटलं होतं.

पासवर्ड त्याच्याकडेच होता. कधीही दाबता आलं असतं. मी तसं सुचवलंही. तो म्हणाला, "चोरून दाबून काय करू, सर? गावासमोर गेलेली गोष्ट हाय. बघायला अध्यक्ष पायजेत."

एकदा त्यानं वेबसाइटची नक्कल करून तिच्यावर अपडेट दाबून दाखवलं. अध्यक्षांनी शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "नाटकात मेलेला माणूस बी घरी जाऊन जेवतोच की, पेंटर."

त्यानंतर त्याचं सगळंच लेकरात लिहिणं सुरू झालं. माझ्या लेखात चूक दिसली तर कागदावर खूण करायचा नाही. वेगळ्या चिठ्ठीवर ओळ नंबर घालून द्यायचा. खोलीत त्यानं खिळा ठोकला नाही. फळी खिडकीच्या गजांना दोरीनं टांगलेली. "उद्या मालकानं भिंत रंगवली म्हंजे?" मालक त्या भिंतीकडे कधी फिरकला नव्हता.

दर बैठकीला तो यायचा, मागच्या खुर्चीवर बसायचा आणि शेवटी उठून म्हणायचा, "अध्यक्षसाहेब, एकदा दाबू द्या की." अध्यक्ष म्हणत, पुढच्या बैठकीत बघू. अशी चार वर्षं गेली. त्याचं बरोबर आहे हे मला कळत होतं. एक शब्द टाकता आला असता. विषयपत्रिकेवर विषय नव्हता.

थंडीत त्याच्या छातीत दुखलं. धाराशिवला नेलं, तिथून तो परत आला नाही. फोन आला तेव्हा मी वर्तमानपत्रं तारखेप्रमाणे लावत होतो. लावून झाली, मग निघालो.

पुढच्या महिन्यात वेबसाइट सांभाळणाऱ्या कंपनीचं पत्र आलं: थीम फार जुनी झाली आहे, अपडेट करा, नाहीतर बंद करू. ठरावाप्रमाणे अध्यक्षांनी लेखी अनुमती दिली. चष्मा लावून ते माझ्याशेजारी बसले. पेंटरनं चिठ्ठीवर लिहून ठेवलेला पासवर्ड घालून मी बटण दाबलं.

पडद्यावर एक गोल फिरला आणि थांबला. अध्यक्षांचा फोटो जागेवर होता. रंग, अक्षरं, सगळं जागेवर.

"झालं का?"

"झालं."

"काहीच झालं न्हाय की."

"न्हाय," मी म्हणालो.

अध्यक्षांनी चष्मा काढला. मग त्यांनी चहा मागवला.

मी इतिवृत्ताची वही उघडली. 'थीम अपडेट केली. काहीही बदल आढळला नाही.' या वेळी भाषा सजवली नाही. उपस्थितांत दोन नावं लिहिली. तिसऱ्या ओळीवर पेन थोडा वेळ टेकवून ठेवला, शाईचा ठिपका पडला, मग वही मिटली.