झेन, आणि चंद्रभागाबाईंचा सवाल

"हे त्यांना सांगू नको," साहेब माझ्या कानाशी पुटपुटले. "सांग, मंडळींना भाषण फार आवडलं."

माइक माझ्या हातात. समोर नालवाडीची अख्खी वस्ती. शेजारी जपानहून आलेले भन्ते, म्हणजे बौद्ध भिक्खू, माझ्या तोंडाकडे बघत. छप्पनच्या दीक्षेनंतरचा हिवाळा होता तो. आपला धम्म जपानात कसा असतो, हे ऐकायला ही गर्दी! आणि मी प्रचार खात्यातला टेंपररी दुभाषी. आमचं काम तसं साधं. वक्ता दोन-तीन वाक्यं बोलून थांबतो, तेवढी आपण दुसऱ्या भाषेत सांगायची. पदरचं घालायचं नाही, आणि गाळायचं तर मुळीच नाही.

सुरुवात झकास झाली होती. भन्ते इंग्रजीत म्हणाले, "झेन म्हणजे तुमचंच ध्यान. इथून चीनला गेलं, तिथे 'चान' झालं. आमच्याकडे आलं, 'झेन' झालं."

मी मराठीत सांगितलं आणि टाळ्यांचा कडकडाट! आपला शब्द एवढं जग फिरून आला म्हणून म्हातारे एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागले. माझ्याही अंगावर काटा आला.

भन्ते पुढे म्हणाले, "आम्ही रोजच्या कामालाच झेन म्हणतो. भांडं घासताना नुसतं भांडं घासा. शेतात राबताना नुसतं राबा. झालं झेन!"

मी तेही मराठीत सांगितलं, तेव्हा मागे उभ्या असलेल्या चंद्रभागाबाई बोलल्या. कापूस वेचता वेचता तशाच आल्या होत्या, कमरेची कापसाची ओटीसुद्धा सोडली नव्हती.

"भाऊ, भन्तेले सांगा, राबनं तं आमी करूनच राह्यलो. माही आजी राबली, माय राबली. ते सांगाले जपानातून कायले याव लागते? आमाले बसाचं शिकवा!"

बायका खदखदून हसल्या. साहेबांचा चेहरा उतरला. आणि मग ती कानातली ऑर्डर.

"साहेब, प्रश्न कसा गाळू?"

"पाहुणा रागावला म्हणजे? तुझी परमनंटची फाइल माझ्याच टेबलावर आहे."

घर माझ्या एकट्याच्या पगारावर चालायचं. पण बाई टक लावून माझ्याकडे बघत होत्या. म्हटलं, जाऊ दे तिच्यायला! सगळं सांगून टाकलं, 'कायले'सकट.

भन्ते एकदम खुर्ची सोडून स्टेजवरून खाली उतरले, मातीत मांडी घातली आणि बाईंना समोर बसायची खूण केली.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "झेनचं मूळ बसण्यातच आहे. हे आधी शिकवायला हवं होतं."

काय सांगू तुम्हाला! बाई बसल्या, मागोमाग सगळी वस्ती बसली. पाठ ताठ, डोळे अर्धे मिटलेले, लक्ष श्वासावर. भरदुपारी एवढी माणसं, पण चूं नाही. मीही माइक ठेवून बसलो.

सगळे उठल्यावर मी बाईंना विचारलं, "कसं वाटलं?"

"भाऊ, आजपरेंत मी दिवसाची बसली का कोनी ना कोनी 'ऊठ' म्हनेच. आज कोनी नाई म्हनलं."

तेही मी भन्तेंना सांगितलं. त्यांनी बाईंपुढे डोकं जमिनीला टेकवलं.

माझी परमनंटची ऑर्डर बाकीच्यांच्या वर्षभर मागून आली. नव्या दुभाष्यांना मी एवढंच सांगत आलो: पाहुण्याला काय आवडेल, हे ठरवायचा पगार आपल्याला मिळत नाही.