आबांचं गाव बघणं

आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, दोन्ही पायांनी ठणठणीत होते. सारा जन्म मेंढरांमागं चालण्यात गेलेला. पण परक्या गावात एसटीतून उतरले, की उजवा पाय ओढत लंगडायला लागायचे. मी आपली मागून पिशवी सांभाळत. पहिल्यांदा मला वाटलं, गाडीत बसून पाय अवघडला असेल. विचारलं तर म्हणाले, "गप चाल, सूनबाई. गाव बघून राह्यलो."

लोक मुलगी बघायला हिंडतात, तसे त्या उन्हाळ्यात आम्ही दोघं गाव बघत हिंडत होतो. कारण माझी सुमन. लहानपणी ताप आला आणि तिचा एक पाय वाळला. आमच्या खेड्यात शाळा चौथीपर्यंत, आणि चौथीपर्यंत तरी ती कशी शिकली ते माझं मला माहीत. गावात तिला सुमन म्हणून कुणी ओळखतच नव्हतं. पोरांचं सोडा, पाण्याला आलेल्या बायासुद्धा सहज विचारायच्या, लंगडी आली का शाळेतून? त्यांच्या मनात वाईट काही नसायचं, आणि म्हणूनच जास्त लागायचं. भांडायचं तरी कुणाशी? आमच्याकडं नाव असंच पडतं, आणि एकदा पडलं की माणूस सरणावर जाईस्तोवर सुटत नाही. शेवटी पोरगी म्हणाली, पुढं शिकायचं नाही, मी मेंढरांकडं जाते. मेंढरं तरी नाव ठेवत नाहीत म्हणाली.

सुमनचे वडील शेत सोडून हलणार नव्हते. आबा मात्र लगेच तयार झाले. "मंग गाव बदलू," म्हणाले. "जनमभर दुसरं काय केलं आपण?" मेंढरांसाठी चारा-पाणी बघून तळ हलवणारा माणूस तो. नातीसाठीही तसाच तळ शोधायला निघाला. फरक एवढाच, की मेंढरांसाठी गवत बघायचं, इथं माणसं. म्हणून ते लंगडणं. आपल्याकडं कोण कसं बघतं, ते आबा तिरक्या नजरेनं टिपत चालायचे.

अंबड त्यांनी दुपारच्या आतच नापास केलं. कोर्टाबाहेर तारखेला आलेली माणसं बसलेली असतात, त्यांना पुकारा होईस्तोवर बघण्याशिवाय कामच काय, म्हणाले. टेंभुर्णीला लांबच्या नात्यातलं एक घर होतं, म्हणून तिथवर गेलो. तिथं उलटंच झालं. एका दुकानदारानं आबांना हाताला धरून बसवलं, चहा पाजला, पायाला कुठलं तेल चोळायचं ते सांगितलं. मला वाटलं, झालं एकदाचं. माझ्या टाचा फुटल्या होत्या, गाड्या बदलून बदलून डोकं भणाणलं होतं. पण आबांनी मान हलवली. "लई कीव करतात. पोरगी कीवेनंच मरून जाईल."

तीर्थपुरीला मात्र कुणी मान वळवली नाही. आबा पूर्ण रस्ता लंगडत गेले, लंगडत आले. जो तो आपल्या सौद्यात. आबा खूश झाले. तिथल्या तिथं शाळेजवळ एक खोली पाहिली, आणि महिन्याभरात मी, सुमन आणि आबा असं बिऱ्हाड आलं.

पहिल्या दिवशी सुमन शाळेला निघाली आणि मला कळलं, काय घोटाळा झाला तो. चहाच्या हॉटेलातली माणसं बघायला लागली. ओट्यावर गहू निवडणाऱ्या बायांचे हात थांबले. सुमन कोपऱ्यावरूनच परत आली आणि भिंतीकडं तोंड करून बसली. आम्ही गाव पाहिलं होतं ते बाजाराच्या दिवशी. खेड्यातल्या माणसाला बाजारपेठेचं गाव ठाऊक असतं ते बाजाराच्या दिवशीचंच, आमच्या डोक्यात दुसरा दिवस आलाच नाही. मी नुकतीच चूल लिंपून उठले होते. रडायचंही त्राण नव्हतं. आबांना तोंडावर म्हणाले, आता आणखी कुठं नेता ते सांगा, मी काही भांडी पुन्हा बांधणार नाही.

आबा म्हणाले, "बराबर आहे तुझं. बाजारात कुणाला कुणाकडं बघायला येळ असतो? उद्या मी जातो तिच्यासंगं."

दुसऱ्या दिवशी ते पुढं आणि सुमन मागं. आबा असे लंगडत होते, की मलाच शरम वाटली. धूळ उडवत, खांदा पाडत, हॉटेलापाशी थांबून सगळ्यांना रामराम घालत. कुणी पायाचं विचारलं की बसून गोष्ट सांगायचे. एका दिवशी लांडग्यानं धरला होता, दुसऱ्या दिवशी विहिरीत पडले होते. या वयात सगळ्या गावासमोर खोटं बोलायचं म्हणजे काय. पण लोकांना मजा वाटायची, आबा दिसले की लांबूनच हाका मारायचे. सुमन मागं उभी राहून तोंडावर दप्तर धरून हसायची. आठवडाभरात ती त्यांची वाट न बघता पुढं चालायला लागली. आबांनी तरी जाणं सोडलं नाही.

अशी वर्षं गेली. घरातही ते लंगडायला लागले. मी म्हणायचे, आबा, दार लावलंय, आता नीट चाला की. ते हसून म्हणायचे, "पाय इसरला, बाई." पुढं खरंच कंबर वाकडी झाली. रात्री झोपेत कण्हायचे. खेड्याकडं, माळाकडं त्यांचा जीव ओढायचा, ते मला दिसायचं. पण परत जायचं म्हटलं की म्हणायचे, पोरगी दहावी होऊ दे, जल्दी काय आहे.

सुमन दहावी झाली. त्याच पावसाळ्यात आबा गेले. आम्ही त्यांना खेड्याकडं नेलं, सगळं आटोपून तीर्थपुरीला परत आलो. मी इतकी थकले होते, की दुःखसुद्धा नीट होत नव्हतं. एका सकाळी नळावर घागर लावून उभी होते. शेजारच्या घरात नवी सून आली होती. समोरून सुमन पाय ओढत चालली होती. नव्या सुनेनं सासूला हळूच विचारलं, ही पोरगी कोणाची हो?

"ती व्हय? सुमन," सासू म्हणाली. "आपल्या लंगड्या आबाची नात."

घागर भरून वाहत होती आणि मी तिथंच बसून रडले. आबा गेल्यापासून पहिल्यांदा. माझ्या पोरीवर पडणारं नाव त्या म्हाताऱ्यानं स्वतःवर पाडून घेतलं होतं, आणि तेच घेऊन तो सरणावर गेला होता.