एस. म्हणजे कोण?

शेवग्याच्या शेंगा घातलेल्या सांबाराचा वास आला की मला कुंभकोणमची ती दुपार आठवते आणि आधी चीडच येते. पणजोबांचं नाव शोधायला मी पुण्याहून तिथे गेलो होतो. तिकडे आडनाव लावत नाहीत, वडिलांच्या नावाचं आद्याक्षर लावतात, त्यामुळे शाळेत काय नि नगरपालिकेत काय, आजोबांच्या नावाआधी नुसतं ‘एस.’ सापडलं. सुब्बराव, श्रीनिवासराव, कोणीही असू शकेल. नाव माहीत असलेली एकटी चुलतआजी उरली होती, आणि पणजोबा तिचे सासरे. “मामंजींचं नांव घेऊं नये रे, कण्णा,” ती तिच्या जुन्या तंजावरी मराठीत म्हणाली आणि केळीच्या पानावर सांबार वाढू लागली. मी म्हटलं, लिहून द्या. तर लिहूंही नये. “आणिक घे,” म्हणत तिने पुन्हा पळी ओतली. मी विचारत राहिलो, ती ओतत राहिली, भात पार पोहायला लागला. “आजी, जेवण पुरे, नाव सांगा.” “तेंच की वाढतें,” ती उलट माझ्यावरच वैतागली. मी हात धुऊन तणतणत निघालो. संध्याकाळी बसस्टँडजवळच्या हॉटेलात वेटरने बादली पुढे करून विचारलं, “सांबार?” मी कपाळावर हात मारला. सांबशिवराव. आता मला सांबशिवरावांच्या वडिलांचं नाव हवंय, आणि तेही तिला घेता येणार नाही. जायचं तर आहे, पण त्या नावाचा एखादा पदार्थ तरी असेल का?