पिवळी स्प्रिंग

"माझ्या हाताखालून गेलेलं एकही माणूस पुन्हा मोडलं नाही," असं हिल्के होकेमा एकदा म्हणाली होती. ग्रोनिंगनच्या कालव्याकाठी, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या मजल्यावर चालणाऱ्या तिच्या पिलाटीसच्या व्यायामवर्गाला त्या दिवशी वीस वर्षं झाली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कॉफीबरोबर केकचा एकेक तुकडा खाल्ला आणि घरी गेले. वाक्य खरं होतं. पुढे जे झालं ते या खरेपणातूनच झालं.

त्या वाक्यामागे एप्पो नावाचा एक पोस्टमन होता. हिल्के तेव्हा एकतीस वर्षांची, हातात कोरं प्रमाणपत्र, अंगात रग. पाठीवर झोपून पाय डोक्यापलीकडे न्यायचे होते. एप्पो म्हणाला, "बास, एवढेच जातायत." हिल्के म्हणाली, "अजून थोडं," आणि तिनं त्याच्या कमरेला हात लावून ढकललं. मानेत कट् झालं. डावा हात तीन महिने बधिर. सायकलवरून टपाल वाटणारा माणूस टेबलाशी बसून पाकिटं लावू लागला. त्यानं तक्रार केली नाही. केली असती तर हिल्के भांडली असती, हरली असती आणि सुटली असती.

मग ती शिकत सुटली. दर उन्हाळ्यात कुठल्यातरी शहरात नवा अभ्यासक्रम: ठिसूळ हाडं, बाळंतपणानंतरची पोटं, सरकलेले मणके. प्रत्येक अभ्यासक्रमानं तिला शरीर मोडण्याची आणखी एक जागा दाखवली. जिन्यावरच्या पावलांवरून कोणाचा कुठला गुडघा कुरकुरतोय ते तिला कळायचं. हात इतके हलके झाले, की माणसाला आपल्याला हात लागलाय हे उशिरा समजे. "अजून थोडं" हे शब्द तिनं टाकून दिले आणि त्यांच्या जागी "अजून नको" आले. लोकांना ते फार आवडलं. आयुष्यात कोणीच त्यांच्याकडे इतकं निरखून पाहिलं नव्हतं.

आल्बरदिना विर्सुम आली ती बासष्टाव्या वर्षी. शहराच्या उत्तरेला, समुद्राच्या बांधाजवळच्या गावातल्या चर्चमध्ये ती तीस वर्षं ऑर्गन वाजवत होती. उंच नळ्यांचं जुनं वाद्य, हातांना काम, दोन्ही पायांना काम. कमरेतला मणका सरकला. डॉक्टरांनी सहा महिन्यांनी सांगितलं, हळूहळू सगळं करा. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "वाद्याच्या बाकावर कधी बसू?"

"ईस्टरनंतर बघू," हिल्के म्हणाली.

ईस्टरनंतर नाताळ आला, आणि नाताळानंतर पुन्हा ईस्टर. दर मंगळवारी दहा वाजता आल्बरदिना सरकत्या गादीच्या यंत्रावर आडवी होई. गादीखाली रंगीत स्प्रिंगा असतात. पिवळी सगळ्यांत हलकी, लाल जड. आल्बरदिनेच्या कार्डावर पिवळी. पुढे वाकायचं नाही, हेही कार्डावर. तिसऱ्या वर्षी चर्चनं वाद्याची किल्ली शहरातल्या एका संगीत मास्तराला दिली. त्या मंगळवारी हिल्केनं आल्बरदिनेच्या श्वासाची फार तारीफ केली. अशी नऊ वर्षं गेली.

यंदा जानेवारीत हिल्के बर्फावर सायकलवरून पडली आणि मनगट मोडलं. सहा आठवडे वर्ग मार्लूसनं चालवला. मार्लूस सत्तावीस वर्षांची, हिल्केच्याच हाताखाली तयार झालेली, तोंडानं फटकळ. परत आल्यावरच्या पहिल्या मंगळवारी हिल्केनं आल्बरदिनेचं कार्ड काढलं. पिवळीवर काट, पुढे लिहिलं होतं, लाल. खाली, पुढे वाकणं सुरू.

"हे तू केलंस?"

"मग काय, उंदरांनी?"

"त्या बाईचा मणका सरकलाय, मार्लूस!"

"सरकला होता. दहा वर्षांपूर्वी."

"तुला काय माहीत? मी नऊ वर्षं ते शरीर बघतेय."

"गादीवर बघतेयस. मी फक्त विचारलं, घरी दिवसभर काय करता? म्हणाल्या, बागेतले बटाटे काढते. वाकून. शरदात दोन पोती निघाली. सुनेच्या पोराला कडेवर घेते, तो तर बटाट्यांपेक्षा जड. हिल्के, तू हे कधी विचारलंच नाहीस?"

 मणके हिल्केनं विचारले होते, झोप, गोळ्या, जुन्या पडझडी विचारल्या होत्या. मंगळवारच्या अकरानंतर हे शरीर कुठे जातं, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. तिच्या मते ते पुढच्या मंगळवारपर्यंत तसंच आडवं असायचं.

"मोय," दारातून आल्बरदिनेनं नमस्कार केला. गाल थंडीनं लाल झालेले. "हात कसाय?"

"बराय. विर्सुमबाई, मला वाटतं आपण आज पुन्हा पिवळीनं..."

"शनिवारी मी बाकावर बसले," आल्बरदिना म्हणाली. "मास्तरांनी किल्ली दिली. दोन तास बसले."

हिल्केचं लक्ष आपोआप तिच्या कमरेकडे गेलं. "आणि पाठ?"

"पाठ झकास. तू जपलेल्या पाठीला नाव ठेवायला जागा नाही." आल्बरदिनेनं हातमोजे काढले, बोटं पसरून बघितली. "पण ही मेलीत. पाय खालच्या पट्ट्या शोधतात, सापडत नाहीत. साधं स्तोत्र, लग्नाआधीपासून वाजवत होते, ते तीनदा तुटलं. मास्तर भला माणूस, खिडकीबाहेर बघत राहिला."

"सराव केलात तर..."

"एकाहत्तर चालू आहे मला."

"मी तुम्हाला जपलं," हिल्के म्हणाली. आवाज चढला होता. "बटाटे काढत होतात तर मला सांगायचं!"

"बटाट्यांना कोणी नको म्हणालं नव्हतं, म्हणून काढले. वाद्याला तू नको म्हणालीस, म्हणून शिवले नाही." तिनं कोट खुर्चीवर टाकला. "वाटेत ठरवलं होतं, हिल्केला म्हणायचं, तुझी चूक नाही. बसमध्ये चार वेळा म्हणून पाहिलं. इथे जमत नाहीये."

खाली दुकानात कोणीतरी चाक फिरवून बघत होतं. हिल्के यंत्रापाशी गेली, पिवळ्या स्प्रिंगेच्या आकड्याला हात घातला. मनगट अजून अशक्त होतं, आकडा लागेना. आल्बरदिना गादीवर बसली आणि हिल्केच्या डोक्यावरून पलीकडे बघत म्हणाली, "मार्लूस, लाल लावतेस का, बाळ?"

मार्लूस घुटमळली. हिल्केकडे बघितलं. मग पुढे होऊन तिनं हिल्केचा हात आकड्यावरून अलगद बाजूला केला. तो स्पर्श फार हलका होता, हिल्केनंच शिकवलेला.

लाल स्प्रिंग बसली. आल्बरदिनेनं पाय दांडीला लावले, आणि गादी सरसर मागे गेली, नऊ वर्षांत गेली नव्हती इतकी लांब, आणि तितकीच सावकाश परत आली. सुरेख हालचाल होती. गुडघे, श्वास, खांदे, सगळं जागच्या जागी. हिल्केनं ती सुरुवातीपासून शेवटापर्यंत पाहिली, चूक शोधत. एकही नव्हती.

तिनं खुंटीवरचा कोट घेतला, एकाच बाहीत हात घातला, आणि जिना उतरून गेली.