मिस व्हर्लीनचे चार टायर

पाटी चढवताना एझेल टर्नबो पूर्ण शुद्धीत होता. कुणी गळ घातली नव्हती, कुणी चिथावलं नव्हतं. त्यामुळे नंतर दोष द्यायला दुसरं कुणी सापडेना, आणि याचाच त्याला सगळ्यात जास्त वैताग आला.

अलाबामातल्या कॉटर्सव्हिल गावात हमरस्त्याला त्याचं टायरचं दुकान. दुकानासमोर खांबावर ती पाटी, लांब काठीने एकेक अक्षर वर चढवायची. दर आठवड्याला एझेल तिच्यावर नवी ओळ लावायचा. गुळगुळीत टायरांवर विनोद, पास्टरच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, शनिवारच्या सामन्याचा अंदाज. गावाचा त्या पाटीवर रेडिओपेक्षा जास्त विश्वास, आणि एझेलला त्याचा नको तितका अभिमान. त्या गुरुवारी पाटीवर झळकलं: ‘आईने चार नवे टायर घेतले. टॅव्हिस राहतोय. देवाची कृपा.’

टॅव्हिस ऑडम म्हणजे गावच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाचा चेंडू हातात घेऊन पळणारा गडी. पळायला लागला की समोरचे चार जण त्याला लोंबकळायचे आणि तो त्यांना सोबत घेऊनच पळायचा. कॉलेजची तीन वर्षं झाली होती. चौथं पूर्ण करायचं, की ते सोडून व्यावसायिक संघांकडे जायचं, हे त्याने पुढच्या शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. ख्रिसमसपासून गावात दुसरा विषय नव्हता. एकाच घरात नवरा ‘जा’ म्हणायचा आणि बायको ‘थांब’. टॅव्हिसला मात्र कुणी विचारत नव्हतं. सगळे त्याला सांगतच होते.

एझेल ‘थांब’वाला. दुकानातल्या बाकावर दिवसभर बसणारा निवृत्त पोस्टमन हॉब्स ‘जा’वाला.

“त्याच्या पायांत किती वर्षं आहेत, मोजून सांग,” हॉब्स म्हणायचा. “शेवटच्या वर्षी गुडघा गेलेला तो आपल्या संघातला मुलगा आठवतो? आज गॅसच्या टाक्या पोचवतो. माझ्याकडेही तोच देतो, लंगडत.”

“पदवी अर्धी राहील त्याचं काय?”

“पदवी पन्नाशीतही मिळते. पन्नाशीत पळून दाखव.”

“अजून एक वर्ष खेळला तर व्यावसायिक संघांच्या निवडीत पहिल्याच फेरीत उचलतील त्याला, भरपूर पैसे मोजून.”

“तुला त्याची पहिली फेरी नकोय, एझेल. तुला तुझे शनिवार हवेत.”

हे खरं होतं, म्हणून एझेलला फार झोंबलं.

अशात बुधवारी टॅव्हिसची आई, जिला सगळं गाव आदराने मिस व्हर्लीन म्हणायचं, तिची सोळा वर्षांची जुनी गाडी घेऊन दुकानात आली. प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात ती शेकडो पोरांना जेवू घालायची, आणि टायर मात्र दरवेळी एकच बदलायची, तोही जुना. त्या दिवशी म्हणाली, “चारही नवे घाला. चांगले.”

एझेलच्या डोक्यात दिवा पेटला. पोराला चार महिन्यांत लाखो डॉलर मिळणार असतील, तर आई या डबड्याला नवे टायर कशाला घालेल? नवी गाडीच घेईल. म्हणजे पोरगा राहतोय. त्या आनंदात मागच्या डाव्या चाकाची व्हील कॅप, चाकावरचं ते चकचकीत प्लास्टिकचं झाकण, एझेलच्या बुटाखाली आली आणि तिचे दोन तुकडे झाले.

“मागवून बसवून देतो, मिस व्हर्लीन. माझ्याकडे लागली.”

“विसरू नका म्हणजे झालं.”

दुसऱ्या दिवशी पाटी चढली.

रविवारी चर्चमध्ये पास्टर हेअरस्टन यांनी प्रवचन मध्येच थांबवलं, चष्मा काढला आणि म्हणाले, “आपल्या एका लेकराने पैशापेक्षा शब्दाला मोठं मानलं आहे. टॅव्हिस, बाळा, उभा राहा.” सगळं चर्च उभं राहून टाळ्या पिटू लागलं. टॅव्हिस उठला. भल्या भल्यांना आडवं करणारा तो धिप्पाड पोरगा समोरच्या बाकाला धरून उभा होता. व्हर्लीन उठली नाही. तिने मागे वळून फक्त एझेलकडे पाहिलं. त्या वेळी एझेलला वाटलं, बाईला आनंदाने भरून आलंय.

सोमवारी ती शाळा सुटल्यावर दुकानात आली. अंगावर अजून स्वयंपाकाचा एप्रन होता.

“पाटी कुणाला विचारून लावलीत?”

“टायर...” एझेल म्हणाला. “तुम्ही टायर घेतलेत ना.”

“टायर फ्लोरिडाला जायला घेतले. निवडीच्या आधीचा सराव तिथे आहे त्याचा. मी विमानात बसत नाही, तुम्हाला माहीत आहे. दर पंधरा दिवसांनी गाडीने जाणार होते मी.”

हॉब्स बाकावरून उठला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

“त्याने ठरवलं होतं, एझेल. आम्ही दोघांनी बसून ठरवलं होतं. शेवटच्या वर्षीच्या निरोपाच्या सामन्याला सगळ्या आया चालतात तसं पोरासोबत मैदानावर चालायचं, छातीवर शेवंती लावून, ते मी मनातून काढून टाकलं होतं. सोपं नव्हतं ते. फक्त कोचला आधी सांगायचं होतं त्याला, समोर बसून. आता कोचने फोन करून विचारलं की हे मला टायरच्या दुकानातून का कळावं? आणि पोरगा म्हणतोय, राहतो मी. खेळायचंय म्हणून नाही. काल चर्च उभं राहिलं म्हणून. उद्या गुडघा गेला तर त्या गुडघ्यावर तुमची पाटी बांधू का?”

एझेलने हातातला पाना खाली ठेवला.

“दुरुस्त करा,” ती म्हणाली. “आणि ‘टॅव्हिस जातोय’ असं लिहू नका. तेवढं तरी त्याला स्वतःच्या तोंडाने सांगू द्या.”

त्याने पाटी उतरवली. पण रिकाम्या पाटीचाही गावाने अर्थ लावलाच, की पोराच्या मनात काही हललंय. मग एझेलने लिहिलं: ‘टायर म्हणजे फक्त टायर. बाकी मला काही कळत नाही.’ लोकांना तो विनोद वाटला. दोघांनी हॉर्न वाजवून दाद दिली. एझेलने त्यांना काठी दाखवली.

बुधवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरातल्या सामुदायिक जेवणात नेहमीप्रमाणे मक्याच्या पिठात तळलेला मासा होता. एझेलने ताटाला हात लावला नाही. तो टेबलांच्या मध्ये उभा राहिला.

“पाटी मी माझ्याच मनाने लावली,” तो म्हणाला. “टॅव्हिसने मला शब्द दिला नव्हता. कुणालाच दिला नव्हता. तेव्हा त्याने तो पाळलाही नाही आणि मोडलाही नाही.”

“मग तो राहतोय की नाही?” मागून कुणीतरी विचारलं.

“मी टायर विकतो.”

“पास्टरनी टाळ्या वाजवून घेतल्या आमच्याकडून.”

“त्या परत घ्या,” एझेल म्हणाला. “माझ्या नावावर टाका.”

काही हसले. बरेच जण हसले नाहीत. कोपऱ्यातल्या टेबलावर टॅव्हिस खाली मान घालून मासा खात होता. जाताना तो एझेलजवळ थांबला.

“मिस्टर एझेल, तुम्हाला स्वतःला काय वाटतं? राहावं?”

एवढ्या दिवसांत पोराने पहिल्यांदाच विचारलं होतं, आणि उत्तर एझेलच्या ओठांवर तयार होतं. पुढच्या हंगामाचे सगळे शनिवार त्याला दिसत होते.

“मला वाटतं तू राहावंस,” तो म्हणाला. “म्हणूनच माझं ऐकू नकोस.”

शुक्रवारी सकाळी टॅव्हिस कोचकडे गेला आणि जातोय म्हणून सांगून आला. कोचने हात मिळवला, पण खुर्चीतून उठला नाही. एप्रिलमध्ये एका व्यावसायिक संघाने टॅव्हिसला तिसऱ्या फेरीत निवडलं. ‘थांब’वाले म्हणाले, बघा, थांबला असता तर पहिल्या फेरीत गेला असता. हॉब्स म्हणाला, थांबला असता तर तोही गॅसच्या टाक्या पोचवत असता. हा वाद अजून दुकानात रोज चालतो. फक्त एझेल त्यात बोलत नाही, आणि त्याने हॉब्सला चीड येते, कारण एकट्याने भांडण्यात मजा नाही.

व्हील कॅप फेब्रुवारीतच आली. गल्ल्यामागच्या खिळ्यावर लटकते आहे. एझेलने दोनदा निरोप पाठवला. व्हर्लीनने दोन्ही वेळा कळवलं, “सवडीने येते.” हवा ती हल्ली पेट्रोल पंपावर भरते. टॅव्हिसने नवी गाडी देऊ केली तर म्हणाली, ही चांगली चालते, टायर नवे आहेत. रोज शाळेला जाताना ती दुकानासमोरून जाते, आणि एझेल हातातलं काम सोडून बघतो. तीन चाकं चकचकीत, चौथं काळं.