थंड शेगडीसमोरची दुपार

फोन फुमिएकाकूंचा होता. "काका गेले. तू ये. येताना खायला काही आणू नकोस," एवढंच म्हणाल्या. टोकियोतल्या निशी-कसाईहून डोंगरातल्या त्या गावी पोचेपर्यंत शेवटच्या वाक्याचा अर्थ मला लागला नव्हता...

मुकुंदकाका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, पुण्याचे भूगर्भशास्त्रज्ञ. निवृत्त झाल्यावर ते काकूंच्या माहेरी, या जपानी खेड्यात राहायला गेले. मोजकी घरं, सगळी म्हातारी माणसं आणि एक मोठा अभिमान : आपले पूर्वज हरलेल्या लढाईतून निसटलेले सरदार. पळून आल्याचा इतका अभिमान मी दुसरीकडे पाहिलेला नाही. गेल्या वर्षी गावप्रमुख मोरितासान यांनी त्या पूर्वजांच्या मानल्या जाणाऱ्या ‘किल्ल्याच्या तटा’शेजारी स्मृतिशिला उभारली. पाहुणे, फीत, भाषणं. काकांना दोन शब्द बोलायची विनंती झाली, तिथेच चुकलं. तटाचे दगड आतून लाल भाजलेत, असं सांगून ते म्हणाले, "किल्ले आतून भाजत नाहीत. ही कोळशाची भट्टी आहे. तुमचे पूर्वज कष्टाळू होते, त्यात लाजायचं काय?"

त्या दिवसापासून गावाने या घराशी बोलणं टाकलं. "अगं, आपल्या सोसायट्यांत याहून कमी कारण पुरतं," काका मला म्हणायचे. काकू मात्र खंगत गेल्या.

त्या गावची रीत अशी की मयताच्या घरी घरच्यांनी शेगडी पेटवायची नाही. शेजारणी येऊन स्वयंपाकघर ताब्यात घेतात. दुपार झाली तरी कुणी आलं नव्हतं. मी चहाचं आधण ठेवलं. काकूंनी धावत येऊन गॅस बंद केला.

"नको! म्हणतील, यांना आपली गरज नाही."

"आणि आलेच नाहीत तर?"

"तर मला इथे राहता येणार नाही."

आतल्या खोलीत काका, बाहेर आम्ही दोघी. रस्त्यावर पावलं वाजली, दारापाशी थांबली... आणि पुढे गेली. काकूंनी माझा हात घट्ट धरला.

मग मागचं दार सरकलं. मोरितासानांची बायको, तिच्यामागे तांदूळ-भाज्या घेतलेल्या शेजारणी. एकीने तांदूळ धुवायला घेतले. शेगडी पेटली. शेवटी मोरितासान आले, काकांपुढे उदबत्ती लावून काकूंना म्हणाले, "शिला हलणार नाही."

"हलवू नका. पण ते खोटं बोलले नव्हते."

"ठाऊक आहे. माझे आजोबा कोळसाच विकायचे."

परवा मी पुन्हा काकूंकडे गेले तेव्हा स्वयंपाकघराच्या खुंटीवर काकांची उन्हातली टोपी होती आणि तिच्यावर एका शेजारणीचा एप्रन. ती अजून रोज येते. "टोपी आत ठेवू का?" मी विचारलं.

"राहू दे," काकू म्हणाल्या. "टोपी काढायची तर शेजारणीचा एप्रन उतरवावा लागेल. ती म्हणेल, आता माझी गरज नाही."