धोंडप्पाच्या रानातला रस्ता

होटगी रोडला रिक्षावाल्याला 'सिद्धकृपा नगर' म्हणून सांगा, तो तुमच्या तोंडाकडं बघत राहील. 'धोंडप्पाचं रान' म्हणा, की मुकाट्यानं आणून सोडतो. आता तिथं रान कुठलं? दोन-तीन मजली घरं, दारात गाड्या, कोपऱ्यावर मोबाईलचं दुकान. पण नाव टिकलं, आणि ते ऐकलं की नागम्माचा चेहरा उजळायचा. कारण धोंडप्पा म्हणजे तिचा नवरा.

शाळू पिकवणारा माणूस होता तो. शहर बांधाला येऊन भिडलं तेव्हा त्यानं रानाचे प्लॉट पाडले. पहिला प्लॉट घेतला मंगळवेढ्याहून बदलून आलेल्या सयाजी मास्तरांनी. मग रेल्वेतली माणसं आली, शहरातली तेलुगू बोलणारी यंत्रमागवाली आली. पाणी सगळ्यांना धोंडप्पाच्याच विहिरीचं. तिथं बायका भांडायच्या आपापल्या भाषेत आणि समेट करायच्या मराठीत. नागम्मा कमरेवर हात देऊन उभी. "रांगंत ऱ्हावा की गं! हीर काय पळून चाललीया?" तोंडाची फटकळ, पण कुणाच्या घरी बाळंतपण असलं की पहिली घागर तिथं स्वतः नेऊन ठेवायची.

उणीव एकच होती, रस्त्याची. काळी माती ती! पावसाळ्यात पाय वर यायचा आणि चप्पल खाली राहायची. पोरं बूट हातात घेऊन शाळेला निघायची. मास्तरांच्या आईला दवाखान्यात न्यायचं झालं तेव्हा बाजेवर घालून, गुडघाभर चिखलातून नेली होती. धोंडप्पानं हे फार मनाला लावून घेतलं. प्लॉट विकताना 'रस्ता हुनार' असा शब्द त्यानं दिला होता ना! मग काय, कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, साहेबांच्या विनवण्या केल्या, आणि दरवर्षी घरोघर सांगत फिरला, "औंदा शंभर टक्के हुतोय बगा." पोरंसोरं मागं हसायची. त्याला कळायचं, तरी सांगायचा.

रस्ता न बघताच तो गेला. लिंगायतांच्या रीतीनं विहिरीजवळच्या न विकलेल्या कोपऱ्यात, लिंबाखाली, त्याला समाधी दिली. बसता केला, तळहातावर इष्टलिंग ठेवलं, भोवती विभूती, बेलाची पानं. सगळ्या वस्तीनं मूठमूठ माती लोटली, रेल्वेवाल्यांनी, मागवाल्यांनी, सगळ्यांनी. वर घडीव दगड बसवला.

जायच्या आधी तो नागम्माला म्हणाला होता, "माझ्या शेजारची जागा तुजी."

"तितं तरी गप बसशीला न्हवं?" असं ती म्हणाली, आणि दोघंही हसली होती. पण ती जागा तिनं मनात पक्की धरली. बाईला दुसरं काही नको होतं. दर सोमवारी दगडाला पाणी घालायची, विभूती लावायची, दिवा ठेवायची आणि वस्तीतल्या बातम्या त्याला सांगत बसायची.

पुढं तिची लेक सिद्धेश्वरी बाळंत झाली, म्हणून नागम्मा मंद्रूपला गेली. परत आली तर काय, सिमेंटचा रस्ता! पांढराशुभ्र, थेट मोठ्या रस्त्यापर्यंत. विहीर बुजवलेली, लिंब तोडलेला, आणि रस्त्याच्या पलीकडच्या कडेला नवा फरशीचा कट्टा, त्यावर धोंडप्पाचा दगड. तिचे डोळे भरून आले. "बघा, झाला की वो तुमचा रस्ता!" असं ती दगडाला म्हणाली, आणि कट्टा बांधला म्हणून प्रभुलिंगाच्या, आपल्या लेकाच्या, पाठीवरून हात फिरवला.

"प्रभू, जरा तिकडं सरकल्यागत वाटतंय रं."

"लिंब न्हाय न्हवं अव्वा, म्हणून तसं दिसतंय," प्रभुलिंग म्हणाला.

तिला पटलं. न पटायला काय झालं? पोटचा पोर होता.

वर्षं गेली. गुडघे कुरकुरायला लागले, एका हिवाळ्यात तर नागम्मा अंथरुणालाच खिळली. उठली तेव्हा तिनं आपल्या जागेचा विषय काढला. तेव्हा तिला कळलं की आता घरांच्या मधे पुरायला परवानगी मिळत नाही. समाजाची स्मशानभूमी आहे, तिकडंच जावं लागणार.  तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मग त्यास्नीच तिकडं न्या. माझी जागा शेजारी धरा."

प्रभुलिंगाच्या तोंडचं पाणी पळालं. "अव्वा, आता कशाला उकरायचं? मठातल्या स्वामींना विचारू. मूठभर माती नेली तरी चालतंय."

"मूठभर नवऱ्याशेजारी मी कशी बसू रं?" नागम्मा कडाडली. "मला अख्खा माणूस पायजे."

तो कुरकुरत राहिला. कधी म्हणे मुहूर्त नाही, कधी म्हणे माणसं मिळत नाहीत. तिला वाटलं, पोराला खटाटोप जिवावर आलाय. सुनेसमोर दोन शब्द लावूनही बोलली. शेवटी सयाजी मास्तरांनी सगळी धावपळ केली, परवानगी आणली, स्वामींना तयार केलं. आणि एका सोमवारी सकाळी कट्टा फोडला.

वस्तीतली जुनी माणसं जमली होती. नागम्मा नवं लुगडं नेसून खुर्चीवर बसलेली. दगड बाजूला काढला, कुदळी पडायला लागल्या. कमरेइतकं खणलं, पुरुषभर खणलं. मातीत ना विभूतीचा पांढरा कण, ना काही. स्वामी खाली वाकले, ढेकूळ हातात घेऊन फोडलं.

"ही माती कधी हाललेलीच न्हाय," ते म्हणाले.

"असं कसं म्हणता स्वामी?" नागम्मा उठून उभी राहिली. "अजून खणा. माझा मानूस हाय तितं!"

तेव्हा प्रभुलिंग मटकन खाली बसला. चांगला पन्नाशीचा बाप्या, नातू मांडीवर खेळवणारा, लहान पोरासारखा रडायला लागला. रडत रडतच बोलला. रस्त्याची आखणी नेमकी समाधीवरून आली होती. वळवायचा म्हटलं तर समोरच्या घराचा उंबरा जात होता, आणि काम थांबवलं तर इतक्या वर्षांनी आलेला रस्ता परत जात होता. दगडावरून गाड्या जातील ते पाप नको म्हणून त्यानं आणि वस्तीचा अध्यक्ष बिरप्पानं पहाटे पूजा केली, खाली उकरायचा धीर झाला नाही, नुसता दगड उचलला आणि पलीकडं बसवला. बिरप्पा तर मरून गेला. दगड गेला म्हणजे अप्पाच गेले, असं त्या दोघांनी मनाला समजावलं होतं.

"मग ते कुटं हायेत?" नागम्मानं विचारलं. आवाज अगदी बारीक.

त्यानं रस्त्याकडं बोट केलं.

नागम्मा बघत राहिली. घर रस्त्याच्या अलीकडं, कट्टा पलीकडं. मधला तो तुकडा. दर सोमवारी दिवा घेऊन ती तिथूनच गेली होती. ज्या माणसाला चुकून पाय लागला तरी ती हात जोडायची, त्याच्या डोक्यावरून चालत जाऊन तिनं रिकाम्या मातीला दिवा लावला होता, आणि घरातलं सगळं सुखदुःख त्या मातीला सांगितलं होतं. "यव्वा! यव्वा गं!" एवढंच तिच्या तोंडून आलं, आणि तिनं आपल्याच पायांवर दोन्ही हातांनी मारून घेतलं. बायकांनी हात धरले.

कुणीतरी समजूत घालायला गेलं. "अप्पांनी जन्मभर रस्ता रस्ता केलं, अव्वा. बघा, रस्त्यानंच पोटात घेतलं त्यांना."

"गप ऱ्हा!" ती फाडकन म्हणाली. "लई शाना हाईस. तुज्या बापाला ठेव की मग त्याच्याखाली."

मास्तर पुढं आले.  "वैनी, तुम्ही फक्त हो म्हणा. उद्या रस्ता फोडतो. वस्तीतलं कोण आडवं येतंय ते मी बघतो."

तेवढ्यात शाळेची गाडी आली, हॉर्न वाजवून थांबली. आत पोरं खिडकीला तोंड लावून बघत होती, धुतलेले कपडे, पायात कोरडे बूट. नागम्मानं हातानंच सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं. गाडी गेली. गाडी त्या तुकड्यावरून जाताना तिनं डोळे मिटून घेतले.

"नगं, मास्तर," ती म्हणाली. "ह्यो फोडला तर ते मला तितं बी शेजारी बसू देनार न्हाईत. वळखते की मी त्यास्नी."

खड्डा बुजवायला सांगून ती प्रभुलिंगाजवळ गेली. पोरावर राग होता, तो काही एका दिवसात जाणारा नव्हता. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. नुसती म्हणाली, "ऊठ. मी गेल्यावर मला न्यायची वाट हीच हाय न्हवं? मग त्यांच्यापाशी इसावा दे मला. घटकाभर खाली ठेवा. शेजारी बसते, मग न्या कुटं न्यायचं तितं. जागा दाव. नक्की कुटं ठेवशील?"

प्रभुलिंग उठला. रस्त्यावर चार पावलं चालला, थांबला. मग मागं आला. डावीकडं सरकला, पुन्हा पुढं गेला. लिंब नाही, विहीर नाही, खुणेला काही म्हणजे काहीच नाही. सगळीकडं सारखंच सिमेंट, आणि पार पुढं रस्त्याबरोबर आलेला विजेचा खांब. त्यानं आईकडं बघितलं आणि मान खाली घातली.

नागम्माला कळलं.

"बरं," ती म्हणाली. "मग घरापास्नं त्या खांबापर्यंत मला सावकाश न्या. लई सावकाश. कुनी घाई करू नगा."